एक बोळा, एक फोन आणि 'मॅच' शोधण्याची सत्तर वर्षांची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'अं' काढले आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका फोनपासून सुरू होतो.

मागच्या वर्षी जुलैमध्ये मला एका अनोळखी नंबरवरून सलग दोन दिवस फोन येत होता. मी उचलला नाही. तुम्हीही उचलला नसता. लोन, क्रेडिट कार्ड, नाहीतर तळेगावचा प्लॉट, दुसरं काय असणार? तिसऱ्या दिवशी रिक्षात होते, मैत्रिणीचा समजून उचलला. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही कॉलेजात असताना स्टेम सेल दाता म्हणून नाव नोंदवलं होतं. एका पेशंटशी तुमचा प्राथमिक मॅच दिसतोय. पुढच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना द्याल का?"

मला आधी काही आठवेना. मग आठवलं. सेकंड इयर, एनएसएसचा कॅम्प. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, फॉर्म भरला, सेल्फी काढला आणि सगळे कँटीनला गेलो. संपलं. सहा वर्षांत त्या बोळ्याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." घरी आई म्हणाली, "पाठीच्या मणक्यातून काढतात ना ते? अजून लग्न व्हायचंय तुझं. काही कमीजास्त झालं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते शोधलंही नव्हतं. आज करू, उद्या करू, यात 17 दिवस गेले. मग मीच फोन केला. उत्तर आलं, "ती विनंती आता बंद झाली आहे." का? "ते आम्हाला सांगता येत नाही, मॅडम."

दुसरा दाता मिळाला असेल. किंवा पेशंटची तब्येत इतकी ढासळली असेल की उपयोगच उरला नसेल. यातलं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. नियमच तसा आहे.

त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचत सुटले. माझा प्रश्न साधा होता. जगात इतकी माणसं असताना माझंच नाव का निघालं? हे 'मॅच' म्हणजे नक्की काय, आणि ते कुणी शोधलं?

रक्तगट जुळला म्हणजे झालं?

आपल्या डोक्यात जुळणं म्हणजे रक्तगट. ए, बी, ओ. मुंबईकरांचा तर या यादीत खास मान आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मिळ रक्तगट नोंदवला, तो जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो.

पण रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरची खूण. स्टेम सेल प्रत्यारोपणात तिचं महत्त्व दुय्यम असतं. दाता ए आणि पेशंट ओ असला तरी प्रत्यारोपण होऊ शकतं, आणि ते यशस्वी झालं की पेशंटचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो! कारण रक्त बनवणारा अख्खा कारखानाच बदललेला असतो. तो कारखाना हाडांच्या आत असतो. पुस्तकात त्याला अस्थिमज्जा म्हणतात, बोलताना आपण बोनमॅरो म्हणतो. तिथल्या स्टेम सेल म्हणजे मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं सगळं तयार होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबॉम्बच्या भीतीनं शास्त्रज्ञ किरणोत्सर्गाचा अभ्यास करत होते. किरणोत्सर्ग हा कारखाना जाळून टाकतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की बाहेरून मॅरो दिला तर कारखाना पुन्हा सुरू होतो. मग ल्युकेमियाच्या पेशंटचा बिघडलेला कारखाना मुद्दाम नष्ट करून दुसऱ्याचा का बसवू नये? अमेरिकेत ई. डॉनल थॉमस या डॉक्टरांनी 1950च्या दशकात हेच सुरू केलं. एकसारख्या जुळ्यांमध्ये नवा मॅरो रुजला, पण काही महिन्यांनी कर्करोग परत आला. आणि ज्यांना जुळं भावंड नव्हतं, त्यांच्यात बहुतेकदा काहीच साधलं नाही.

ऑक्टोबर 1958 मध्ये युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळ व्हिंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. सहा तरुण किरणोत्सर्गात सापडले. त्यांना विमानानं पॅरिसला नेलं. तिथे डॉ. जॉर्ज माते यांनी त्यातल्या पाच जणांना फ्रेंच दात्यांचा मॅरो दिला. नात्यागोत्याचे नाहीत, भाषाही वेगळी, असे ते दाते होते. एक जण दगावला, बाकीचे वाचले. तो मॅरो कायमचा रुजला नव्हता. त्यानं थोडे दिवस काम केलं आणि तेवढ्यात पेशंटचा स्वतःचा कारखाना सावरला, असं पुढे मानलं गेलं. म्हणजे मॅच न बघता दिलेला मॅरो तात्पुरता टेकू ठरला, याहून जास्त नाही.

1960च्या दशकाच्या शेवटापर्यंत जगात अशी सुमारे 200 प्रत्यारोपणं झाली आणि जवळपास सगळी फसली. फसण्याचे प्रकार दोन. पहिला, पेशंटचं शरीर नवा मॅरो फेकून देतं. दुसरा जास्त भयंकर. किडनी बदलली तर शरीर किडनीवर हल्ला करतं. इथे दात्याबरोबर त्याच्या पांढऱ्या पेशींची फौजही येते, आणि ती फौजच पेशंटला परका ठरवते. त्वचा, आतडी, यकृत, जिथे जाईल तिथे हल्ला. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, त्यातलाच प्रकार. फक्त इथे घरमालकाचा जीव जातो.

मग ती फौज आपला आणि परका कशावरून ओळखते?

बाळंतिणींच्या रक्तातलं उत्तर

उत्तराचा एक धागा पॅरिसमध्येच होता. झाँ दोसे हे रक्तपेढीतले डॉक्टर. पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागलेल्या काही पेशंटच्या सीरममध्ये त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ते सीरम दुसऱ्या माणसांच्या पांढऱ्या पेशींत मिसळलं की त्या पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. पण सगळ्यांच्या नाही. काहींच्या व्हायच्या, काहींच्या नाही. म्हणजे पांढऱ्या पेशींवरही खुणा असतात आणि त्या माणसागणिक वेगळ्या असतात. 1958 मध्ये त्यांनी अशी पहिली खूण जाहीर केली आणि तीन स्वयंसेवकांच्या आद्याक्षरांवरून तिला 'मॅक' असं नाव दिलं.

दुसरा धागा त्याच वर्षी दोन ठिकाणी सापडला. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये यॉन व्हान रूड या तरुण डॉक्टरांसमोर एक बाळंतीण आली. तिला रक्त दिल्यावर तीव्र प्रतिक्रिया आली होती. कारण शोधताना तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या. त्या तिथे का असाव्यात? तिकडे स्टॅनफर्डला रोझ पेन या शास्त्रज्ञ बाईंनाही मुलं झालेल्या बायकांच्या रक्तात हेच दिसत होतं.

उत्तर ऐकल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. पोटातल्या बाळाच्या अर्ध्या खुणा आईच्या असतात, अर्ध्या बापाच्या. बापाकडच्या खुणा आईच्या शरीराला परक्या. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात आणि तिचं शरीर त्या परक्या खुणांची नोंद करून ठेवतं, अँटिबॉडीच्या रूपात. बाळाला त्यानं सहसा धक्का लागत नाही. पण नोंद राहते, कधीकधी अनेक वर्षं.

संशोधकांच्या दृष्टीनं हे घबाड होतं. प्रत्येक आईचं सीरम म्हणजे एखादी विशिष्ट खूण ओळखणारं तयार रसायन. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी बाळंतिणींकडून सीरम गोळा केलं. टिश्यू मॅचिंगचं सगळं शास्त्र या बायकांच्या रक्तावर उभं राहिलं. त्यातल्या कुणाचंही नाव इतिहासात नाही.

गोंधळ, आणि मग एक नाव

आता प्रत्येक प्रयोगशाळेकडे आपापल्या खुणा होत्या आणि प्रत्येकीची नावं वेगळी. 1964 मध्ये अमेरिकेतल्या डरहॅममध्ये या मंडळींची पहिली कार्यशाळा भरली. सगळ्यांनी सारख्या नमुन्यांवर आपापली चाचणी केली, आणि निकाल एकमेकांशी जुळेनात! जुळवाजुळवीचं शास्त्र आणि शास्त्रज्ञांचंच जुळेना.

यातून वाट काढण्यात पॉल तेरासाकी यांचा मोठा वाटा आहे. जपानी वंशाचा हा अमेरिकन मुलगा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा त्याच्या कुटुंबाला ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत तीन वर्षं काढावी लागली. कोण आपला आणि कोण परका हे वंशावरून ठरवणाऱ्या काळात वाढलेल्या या माणसानं 1964 मध्ये अशी चाचणी दिली, की एका थेंबाहूनही कितीतरी कमी, म्हणजे एक मायक्रोलिटर सीरम पुरायचं. छोट्या खळग्यांचे ट्रे भरून ते जगभर पाठवता आले. सगळेजण एकाच मापानं मोजू लागले.

1967 मध्ये इटलीत तुरीनच्या कार्यशाळेत रुग्गेरो चेप्पेल्लिनी यांनी सुट्या माणसांऐवजी अख्खी कुटुंबं तपासायला घेतली. आई, बाप, मुलं. तेव्हा चित्र स्वच्छ झालं. या सगळ्या खुणा एकाच गटाच्या आहेत आणि त्या गठ्ठ्यानं वारशात येतात. याच सुमारास त्या गटाला नाव मिळालं, ते आपण आज एचएलए म्हणून वापरतो.

हे जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे. एचएलएची जनुकं आपल्या सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली असतात. प्रत्येकाकडे त्यांचे दोन गठ्ठे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आईकडे तिचे दोन, त्यातला एक ती देते. वडिलांचंही तसंच. म्हणजे मुलांमध्ये जोड्या होऊ शकतात चार. तुमची आणि सख्ख्या भावाची किंवा बहिणीची जोडी तंतोतंत एक असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे 25 टक्के. आईवडिलांशी मात्र साधारणपणे अर्धंच जुळतं.

आता या जनुकांचे प्रकार किती असावेत? आजवर 40 हजारांहून जास्त नोंदले गेलेत. पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले तरी लग्न लागतं. इथे डॉक्टर साधारण 10 पैकी 10 बघतात.

पहिली भावंडं

1968 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट गुड यांच्यासमोर काही महिन्यांचं एक बाळ होतं. त्याला जन्मतःच प्रतिकारशक्ती नव्हती. यावेळी त्यांच्या हातात एचएलए चाचणी होती. बाळाच्या बहिणीचा मॅरो जुळला, दिला गेला आणि रुजला. जुळं नसलेल्या भावंडाच्या मॅरोनं पेशंट कायमचा सावरला, असं हे पहिलं यश मानलं जातं.

डॉनल थॉमस तोवर सिॲटलला गेले होते. मधली काही वर्षं त्यांनी माणसांवरचे प्रयोग थांबवून कुत्र्यांवर काम केलं होतं. जुळणाऱ्या भावंडाचा मॅरो मिळाला तर कुत्री जगतात, न जुळणाऱ्याचा दिला तर मरतात, हे त्यांच्या चमूनं दाखवलं आणि मगच ते पुन्हा माणसांकडे वळले. 1977 मध्ये त्यांनी ल्युकेमियाच्या 100 पेशंटचा हिशेब मांडला. सगळे असे, की ज्यांचे बाकीचे उपाय संपलेले होते. त्यातले 13 जण एक ते साडेचार वर्षांनंतरही कर्करोगाशिवाय जगत होते.

13 हा आकडा लहान वाटतो ना? मलाही वाटला होता. पण त्याआधीचा आकडा जवळपास शून्य होता. 1990 मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं. दोसे यांना ते 1980 मध्येच मिळालं होतं.

आपल्याकडे हे आलं परळला. पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेले डॉ. सुरेश अडवाणी सिॲटलला जाऊन हे तंत्र बघून आले आणि 20 मार्च 1983 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ल्युकेमिया झालेल्या 9 वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला गेला. भारतातलं हे पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण.

ज्यांचं भावंड जुळत नाही

भावंडात मॅच मिळतो ढोबळमानानं दहापैकी तीन पेशंटना. हम दो हमारे दोच्या घरात, किंवा एकुलत्या एका मुलाच्या घरात, त्याहूनही कमी. मग बाकीच्यांनी काय करायचं?

1971 मध्ये ऑस्ट्रेलियात अँथनी नोलन नावाचा मुलगा जन्मला. त्याला प्रतिकारशक्तीचा दुर्मिळ आजार होता आणि घरात कुणीच जुळत नव्हतं. त्याची आई शर्ली त्याला घेऊन लंडनला आली. 1974 मध्ये तिथे तिनं एक यादी सुरू केली. ज्यांना मॅरो द्यायची तयारी आहे, त्यांची एचएलए आधीच तपासून ठेवायची, म्हणजे पेशंट आला की शोध यादीतच घ्यायचा. जगातली ही अशी पहिली मोठी रजिस्ट्री. अँथनी 1979 मध्ये गेला. त्याला मॅच कधीच मिळाला नाही. आईनं यादी बंद केली नाही.

त्याच वर्षी सिॲटलला लॉरा ग्रेव्हज ही ल्युकेमिया झालेली 10 वर्षांची मुलगी आली. तिचा मॅच निघाला त्याच केंद्रात काम करणाऱ्या एका लॅब टेक्निशियनमध्ये. निव्वळ नशीब. मॅरो रुजला, लॉरा घरी गेली. साधारण दोन वर्षांनी ल्युकेमिया परतला आणि ती गेली. पण नात्याबाहेरचा मॅरो ल्युकेमियातही रुजतो हे तिनं दाखवून दिलं होतं. तिच्या वडिलांनी आणि इतर कुटुंबांनी पाठपुरावा केला आणि 1986 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय रजिस्ट्री उभी राहिली.

आणि आपले लायडनचे व्हान रूड आठवतात? त्यांनी देशोदेशीच्या याद्या एकत्र जोडायला घेतल्या. 1989 मध्ये पहिली एकत्रित यादी निघाली, 8 रजिस्ट्र्या आणि सुमारे 1 लाख 55 हजार दाते. आज ती यादी 4 कोटींच्या पुढे आहे.

मग माझंच नाव का?

4 कोटी म्हटल्यावर वाटतं, कुणी ना कुणी सापडेलच. पण एचएलएचे गठ्ठे पूर्वजांकडून येतात. एका भागातल्या, पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्न करणाऱ्या लोकांत ठरावीक गठ्ठे पुन्हा पुन्हा दिसतात आणि बाहेर क्वचित. 2014 मध्ये अमेरिकेच्या रजिस्ट्रीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या पेशंटला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के होती. दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्या वंशाच्या पेशंटला 33 टक्के. याचं एक मोठं कारण हे, की यादीत आपली माणसं कमी. एकट्या जर्मनीत 90 लाखांहून जास्त दाते आहेत. भारतात दात्री ही रजिस्ट्री चेन्नईत 2009 मध्ये सुरू झाली, पुढे इतरही आल्या, आणि सगळ्या मिळून नोंदी अजून काही लाखांत आहेत. एवढ्या मोठ्या देशात! आणि ल्युकेमियाच नाही, थॅलेसेमियाची हजारो मुलं दर वर्षी इथे जन्माला येतात.

म्हणजे ज्या पेशंटसाठी मला फोन आला, तो किंवा ती कुठेतरी, खूप मागे, माझ्याच कुणा पणजीच्या पणजीशी बांधलेली असणार. आडनाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण सहाव्या गुणसूत्रावरचे दोन गठ्ठे सारखे.

आता एक दिलासाही सांगते. गेल्या वीसेक वर्षांत अर्धा जुळणारा मॅरो वापरायचं तंत्र खूप सुधारलंय. प्रत्यारोपणानंतर ठरावीक दिवशी एक जुनं कर्करोगाचं औषध देऊन त्या हल्लेखोर फौजेला आवरता येतं. त्यामुळे आता आई, वडील, मुलं हेही दाते होऊ शकतात. माझ्या पेशंटला तसं कुणी मिळालं असेल, असं मी स्वतःला सांगते. तरी पूर्ण जुळणारा दाता वेळेत मिळाला तर डॉक्टर अजूनही आधी त्याचाच विचार करतात.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर? ते मी 17 दिवसांत शोधायला हवं होतं. मणक्याशी याचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा पाचेक दिवस इंजेक्शनं घेतात, त्यानं स्टेम सेल रक्तात उतरतात. त्या दिवसांत अंग दुखतं, डोकं दुखतं. मग प्लेटलेट देतात तसं काही तास मशीनला जोडून बसायचं. एका हातातून रक्त निघतं, स्टेम सेल बाजूला होतात, बाकीचं दुसऱ्या हातात परत. कधीकधी भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो काढतात, मग काही दिवस कंबर दुखते. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मी आईला बाळंतिणींच्या सीरमची गोष्ट सांगितली. ती मेथी निवडत होती. आम्ही तिघं भावंडं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांचा हिशेब माझ्या रक्तात लिहिलेला आहे म्हण की." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या मुलाची आईपण असेल ना कुठेतरी." मी 'पेशंट' म्हणत होते. तिनं 'मुलगा' कुठून आणला, मी विचारलं नाही.

तिचं मत बदललं का? अर्धं. पुन्हा फोन आला तर हॉस्पिटलमध्ये ती माझ्याबरोबर येणार, ही तिची अट आहे. मी रजिस्ट्रीला माझा नवा पत्ता आणि आईचा नंबर कळवलाय, आणि त्यांचा नंबर नावानिशी सेव्ह केलाय.

तुम्ही कधी असा बोळा फिरवला असेल आणि मध्ये नंबर बदलला असेल, तर तेवढं कळवून टाका. नोंदवायचा विचार असेल तर आधी घरी बोला, शंका विचारा, आणि हो म्हणायचं असेल तरच नाव द्या. नंतर नाही म्हणायचा हक्क शेवटपर्यंत असतो. पण पेशंटची ताकदीची औषधं सुरू झाल्यावर, म्हणजे त्याचा जुना कारखाना बंद केल्यावर दाता मागे फिरला, तर त्याच्याकडे फार वेळ उरत नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.